अक्कांनी सोडलेली कॉफी

माझ्या सासूबाईंनी कॉफी सोडली ती व्हिएतनामसाठी. हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला. मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं, चांगलाच राग आला होता. त्यांनी ती सोडली तेव्हा मी शेजारी हात जोडून उभी होते आणि एक शब्द मधे घालायची सोय नव्हती.

मी पुण्याची. लग्न होऊन बंगलोरला आले ती मल्लेश्वरममधल्या एका लहानशा कौलारू घरात. ह्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच होऊन गेलं. घरात बोलायचे मराठीच, पण तिला असा कानडी हेल की पहिले काही महिने मला वाटायचं, ही माणसं माझी चेष्टा करतायत. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, पोटचा मुलगासुद्धा. मग मीही अक्काच म्हणू लागले. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आम्ही तिघंच.

आणि कॉफी. तिला चौथं माणूसच म्हणायला हवं. माहेरी आम्ही चहाबाज. कॉफी म्हणजे आजाऱ्याला द्यायचं जायफळ घातलेलं काहीतरी. अक्कांनी पहिल्याच दिवशी माझा चहाचा डबा फळीवर वर चढवून ठेवला. संपिगे रोडवरच्या दुकानातून कच्च्या बिया आणायच्या, लोखंडी कढईत स्वतः भाजायच्या, हाताने फिरवायच्या यंत्रात दळायच्या आणि पितळी फिल्टरमधून ठिबकू द्यायचं. डिकॉक्शन ठिबकत असताना कुणी घाई केली तर त्या म्हणत, "अय्यो, स्वल्प थांब की गं. त्याला त्याचा वेळ दे." सकाळचा पहिला पेला त्या मागच्या दारात उभ्याने घेत आणि तो संपेपर्यंत कुणाशी बोलत नसत. संपला की मात्र दिवसभर त्यांचं तोंड बंद नसे. माझा चहा वर्षभरात सुटला.

हे कंटोन्मेंटमधल्या एका सरकारी कचेरीत स्टेनो होते. इंग्रजी बोलणं कितीही वेगात असो, ह्यांची पेन्सिल मागे पडत नसे. चोपन्न साली व्हिएतनाममधली लढाई थांबवायला मोठमोठे देश परदेशात एकत्र बसले आणि करार झाला. देशाच्या मध्ये रेघ मारायची, एक बाजू उत्तरेत, दुसरी दक्षिणेत. पण ही रेघ तात्पुरती. दोन वर्षांत दोन्हीकडच्यांनी बोलणी करायची, साऱ्या देशात एक निवडणूक घ्यायची आणि रेघ पुसून टाकायची. हे सगळं नीट होतंय ना हे पाहायला तीन देशांचा एक आयोग नेमला आणि त्याचं अध्यक्षपद आपल्याकडे आलं. आयोग म्हटला की बैठका आल्या, बैठका म्हटल्या की स्टेनो आले. ह्यांना विचारणा झाली आणि हे हो म्हणून मोकळे झाले.

ह्यांनी अक्कांना समजावून सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. हे म्हणाले, "अक्का, दोघं भांडत होते, म्हणून दोन खोल्यांत बसवलंय. डोकी थंड झाली की एकत्र बसून बोलतील. देश एक झाला की आयोग बरखास्त, आणि मी घरी. दोन वर्षांचं काम."

"दोन वर्षं कुणी सांगितली?"

"करारात लिहिलंय."

"कराराला सगळ्यांनी मान डोलावलीय का?"

"बहुतेकांनी," हे म्हणाले. अक्कांनी ते 'बहुतेक' ऐकलं आणि त्या चुलीकडे वळल्या. मला वाटतं, त्या शब्दावर त्यांनी रात्रभर विचार केला असावा.

हे मद्रासच्या गाडीत बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का मला घेऊन मल्लेश्वराच्या देवळात गेल्या. देवाला गर्दीत नीट ऐकू यावं म्हणून असेल, पण त्यांनी खणखणीत आवाजात नवस बोलला. "देवा मल्लेश्वरा, त्या देशाचे दोन तुकडे झालेत ते गोडीगुलाबीने एक होऊ देत. होईतोवर मी कॉफी तोंडाला लावणार नाही."

पुजाऱ्याने चमकून पाहिलं. देवळाबाहेर पडल्यावर मी त्यांना धरलंच. "अक्का, नवस करायचाच होता तर मुलगा सुखरूप घरी येऊ दे, एवढं म्हणायचं. व्हिएतनामशी आपला काय संबंध?"

"तुला कळत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग चालता चालता त्यांनी सांगितलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंनी महायुद्धाच्या वेळी असाच नवस बोलला होता, माझा फौजेतला मुलगा घरी येऊ दे. मुलगा महिन्याभरात आला. एक पाय तिकडेच ठेवून आला. "देवाकडे मागताना शब्द जपून वापरायचे. मुलाला आण म्हटलं की तो कसाही आणून टाकतो. त्यापेक्षा काम पुरं कर म्हणावं. काम झालं की माणूस आपोआप घरी येतो."

"आणि ते गोडीगुलाबीने कशाला?"

"नाहीतर लढाई करून एक करेल. माझा मुलगा तिथे मधोमध बसलाय."

स्टेनोची आई शोभत होती. कलमात कुठे फट म्हणून राहू दिली नव्हती. मुलगा काम संपण्याआधीच घरी येऊ शकतो, एवढी एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात आली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं असं दुखे की त्या कपाळाला सुंठेचा लेप लावून, वर फडकं करकचून बांधून बसत. सकाळी गरम पाण्यात गूळ घालून पीत आणि तोंड वाकडं करत. मला त्यांची दया येई आणि त्यांच्यापुढे पेला घेऊन बसायची लाज वाटे. मी दोन दिवस कॉफी केलीच नाही, तर त्या रागावल्या. "नवस माझा आहे, फिल्टरचा नाही. तो कोरडा पडला तर पुन्हा चव यायला महिना लागेल." मग बिया त्याच भाजू लागल्या, डिकॉक्शन त्याच काढू लागल्या, आणि पहिल्या धारेजवळ नाक नेऊन वास तेवढा घेऊ लागल्या. वासाला नवसात बंदी नव्हती. तीही फट नव्हे, त्यांनी आधीच विचार करून ठेवलेली सोय होती.

ह्यांची पत्रं हनोईहून येत, कधी सायगावहून येत. आयोगाचं विमान दोन्हीकडे जाई. तिथल्या साध्या माणसाला मात्र रेघ ओलांडता येत नसे. एकदा ह्यांनी लिहिलं, मी रेघ पाहून आलो. रेघ म्हणजे एक नदी आहे आणि नदीवर पूल आहे. पुलाच्या अर्ध्यावर एक पट्टा मारलाय आणि दोन्ही टोकांना पहारा आहे. एक म्हातारी रोज काठावर येऊन पलीकडच्या गावाकडे बघत बसते, तिची लेक तिकडे दिलेली आहे. अक्कांनी ते पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. तिथून पुढे नवस नुसता मुलासाठी राहिला नाही. देवळातून आल्यावर त्या कधीकधी म्हणत, "त्या बाईला पण सांगितलंय मी देवाला."

आणखी एक गोष्ट त्या पत्रांतून आमच्या घरात आली. दोन्हीपैकी एका बाजूने काही आगळीक केली की आयोग बसे, वाद होई, तिघा सभासदांचं एकमत होत नसे आणि शेवटी कागदावर उतरे, 'आयोगाने याची चिंतेने नोंद घेतली.' हे वाक्य ह्यांनी इतक्यांदा लिहिलं की पत्रातही लिहू लागले. मग आमच्याकडे आमटी खारट झाली की अक्का ताटावरून म्हणत, "चिंतेने नोंद घेतली हं." मी फिस्सकन हसे. दोन बायकांच्या घरात तेवढीच करमणूक.

छप्पन साली निवडणुकीची मुदत आली आणि गेली. निवडणूक झाली नाही. त्याआधीची बोलणीसुद्धा झाली नाहीत. दक्षिणेतलं सरकार म्हणालं, त्या करारावर आमची सही नाही, मग आम्ही बांधील कसे? आयोगाने चिंतेने नोंद घेतली. ह्यांची पत्रं आखूड होत गेली. एका पत्रात एवढंच होतं, 'आज बैठक झाली. पुढची बैठक कधी घ्यायची हे ठरवण्यासाठी पुन्हा बैठक आहे.' मुदत संपली तरी हे लगेच आले नाहीत. अजून काहीतरी होईल, आणि ते झालं तेव्हा लिहून घ्यायला आपण तिथे असू, अशी आशा ह्यांना होती. मला तिचा संताप येई. देश त्यांचा, भांडण त्यांचं, आणि नवरा माझा.

शेवटी ह्यांच्या जागी दुसरा माणूस गेला आणि हे परत आले. वाळले होते, केस कानाशी पिकले होते, पण हातपाय धड होते. अक्कांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ढसाढसा रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः फिल्टर भरला, दूध तापवलं, फेस येईपर्यंत वरखाली केलं आणि पेला आईपुढे धरला. "घे अक्का. आलो मी."

अक्कांनी पेला हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "तो देश?"

ह्यांनी फिल्टरवर झाकण ठेवलं.

"झाला का एक?"

"नाही अक्का."

"मग बेडा," म्हणजे नको, म्हणून त्यांनी पेला माझ्या हातात दिला.

मी त्या दिवशी फार बोलले. अजून आठवतं, कारण इतकं बोलायची माझी पहिलीच वेळ होती. ज्याच्यासाठी नवस तो समोर उभा आहे, आता देवाला काय व्हिएतनामचा नकाशा दाखवायचाय? अक्का शांतपणे म्हणाल्या, "मी बोलले ते तू ऐकलंस ना? त्यात मुलाचं नाव होतं?"

नव्हतं. तेच तर होतं.

मग रविवारी घराच्या भटजींना बोलावलं. ओटीवर बैठक बसली. भटजी आणि मी एकीकडे, अक्का दुसरीकडे, हे मधे खुर्चीवर. भटजी भला माणूस होता. त्याने दोन तोडगे आणले होते. एक, चांदीची कॉफीची बी करून देवाला वाहायची आणि नवस सुटला म्हणायचं. दुसरा, नुसत्या चिकोरीची, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या मुळाच्या भुकटीची कॉफी प्यायची, कारण शास्त्रानुसार ती कॉफीच नव्हे. अक्कांनी दुसऱ्या तोडग्याला नाक मुरडलं ते धर्मासाठी नव्हे, चवीसाठी. पहिल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, जमलं.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना. तुम्ही तिथे तीन वर्षं बसलात, असल्या तडजोडी किती लिहिल्या असतील."

ह्यांनी खुर्ची आईकडे वळवली. मग म्हणाले, "लिहिल्या. सगळ्या अशाच होत्या. प्रत्येकाकडे शब्दातून निसटायची एक वाट होती. दक्षिणवाले म्हणाले, आमची सही नाही. उत्तरवाल्यांच्या वेगळ्या वाटा. ज्यांनी करार घडवून आणला ते मोठे देश म्हणाले, आम्ही फक्त साक्षीला होतो."

"माझी सही आहे," अक्का म्हणाल्या. "देवापुढे मीच बोलले. दुसऱ्या कुणी बोललं नाही."

ह्यांनी आईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं म्हणजे हा मनुष्य सहजी रडणारा नव्हे. "भटजी, राहू दे," हे म्हणाले. "त्या सबंध करारात अजून शब्द पाळणारं एकच माणूस उरलंय. तिला कशाला फोडायचं?"

भटजींनी कॉफी पिऊन दक्षिणा घेतली आणि ते गेले. पुन्हा तो विषय ह्यांनी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही. मी आतून धुमसत राहिले, ते काही वर्षं. मग धुमसणंही विझलं, कारण माणसाला कशाचीही सवय होते. अक्का कॉफी करत, वास घेत आणि गूळपाणी पीत.

साठच्या पुढे तिकडची लढाई वाढत गेली. रेडिओवर रोज त्या देशाचं नाव येऊ लागलं. लोकांना ते नाव आत्ता कळत होतं, आमच्या घरात ते दहा वर्षं नांदत होतं. बातम्या लागल्या की अक्का तांदूळ निवडायच्या थांबत. एकदा भटजी सत्यनारायणाला आले होते, ते उत्साहाने म्हणाले, "अक्का, आता फार दिवस नाहीत. कुणीतरी एक जिंकणार. जो जिंकेल तो देश एक करेल. तुमचा नवस फिटला."

"तसं मी मागितलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता की भटजींनी प्रसादाची वाटी खाली ठेवली. "मेलेल्यांवरून चालत जाऊन एक व्हायचं, याला काय एक होणं म्हणतात? ती काठावरची बाई असेल का आता?"

कुणाला ठाऊक होतं?

अडुसष्ट साली त्या थकल्या. छातीत धाप लागे. पण त्याच वर्षी बातमी आली की दोन्ही बाजू परदेशात एका शहरात बोलायला बसणार. अक्का खाटेवरून उठून बसल्या. ह्यांना पाठवून त्यांनी नव्या बिया आणवल्या, मुठीत घेऊन पाहिल्या, वाईट दोन-चार काढून टाकल्या आणि म्हणाल्या, "भाजू नकोस अजून. पण घरात असू देत."

महिने गेले. बोलणी कुठे पुढे सरकेना. थंडीत एका संध्याकाळी हे रेडिओ ऐकून त्यांच्या खोलीत आले आणि कपाळावर हात मारून बसले.

"काय झालं?"

"टेबलावरून अडलंय."

"कसलं टेबल?"

"बसायचं. चौकोनी असावं की गोल, कोणी कुठल्या कडेला बसायचं, यावर आठवडेच्या आठवडे वाद चाललाय. त्यावरून कुणाला किती मान ते ठरतं म्हणे."

अक्का हसल्या. इतक्या दिवसांनी हसल्या की त्यांना खोकला आला. पाणी पिऊन म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, खाली बसा. आपल्याकडे पंगतीला टेबल लागतं का? पानं मांडा, गोल बसा, आधी जेवा. पोट भरलं की माणूस इतका कडू बोलत नाही."

"कळवतो," हे म्हणाले, आणि त्या एका क्षणी ते पुन्हा तिशीतले स्टेनो दिसले.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात अक्का गेल्या. डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते, हवं ते द्या आता. मी कॉफी करून चमच्याने ओठांशी नेली. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि मान वळवली. त्यांना नको होती असं नव्हे. त्यांना किती हवी होती ते मी त्या खोलवर घेतलेल्या श्वासात ऐकलं.

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी गेलो. बायका सहसा जात नाहीत, मी गेले. चौदा वर्षं कॉफी मी त्यांच्या समोर प्यायले होते, मला अडवायची कुणाची टाप नव्हती. पिंड ठेवले. शेजारी मी घरून थर्मासमधून नेलेली कॉफी पेल्यात ओतून ठेवली. त्यांनी निवडलेल्याच बियांची. कावळे होते, झाडावर, दगडावर, भरपूर होते. एकही जवळ येईना. ऊन चढलं. भटजींनी ठरलेलं सगळं बोलून घेतलं, सुनेला अंतर देणार नाही, अमुक करू, तमुक करू. कावळे ढिम्म.

शेवटी भटजी ह्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, "सांगून टाका की देश एक झाला. कावळ्याला काय वर्तमानपत्र वाचायचंय?"

"अक्काशी खोटं बोलू?" हे म्हणाले. मग दोन पावलं पुढे गेले आणि हात जोडले. मी मागे उभी होते, पण प्रत्येक शब्द ऐकला. "अक्का, देश अजून एक झाला नाही. पण आज सकाळच्या बातम्यांत सांगितलं, टेबलाचं ठरलं. गोल ठरलं. आता बोलायला बसतील. तुझं उरलंय ते मी चालवतो."

दगडावरचा एक कावळा उडाला आणि सरळ पिंडावर येऊन बसला. त्याला तोवर भूक लागली असेल, मी नाही म्हणत नाही. भटजी मात्र रडत होते.

घरी आल्यावर मी सवयीने दोघांची कॉफी केली. ह्यांनी आपला पेला उचलला, वास घेतला आणि माझ्याकडे सरकवला. तेव्हा कुठे मला 'ते मी चालवतो' याचा अर्थ कळला. दोन मिनिटं मला इतका राग आला की सांगता सोय नाही. आईने चौदा वर्षं, आता मुलाने किती? पण भांडायचं कुणाशी?

पुढे बऱ्याच वर्षांनी एक दिवस रेडिओने सांगितलं की तिकडची लढाई संपली. रणगाडे राजधानीत शिरले, दोन्हीकडे एकाच बाजूचं राज्य आलं, रेघ पुसली गेली. मी उठले. बिया ताज्या भाजल्या, दळल्या, ठिबकायला त्याचा वेळ दिला, आणि वाफाळता पेला ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी तो दोन्ही हातांत धरला. वास घेतला, अगदी अक्कांसारखा. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "गोडीगुलाबीने झाला का गं?"

मी पेला उचलला आणि मागच्या दारात जाऊन उभ्याने प्यायले. चव अक्कांच्या हातची आली होती. ती ओळखणारी आता घरात मी एकटीच होते.